साडेपाच

तिथल्या माझ्या खोलीत दोन घड्याळं होती.
एक भिंतीवर, घरमालकाचं.
दुसरं टेबलावर, टायर कंपनीनं बाबांना दिवाळीला दिलेलं,
त्यात नाशिकची वेळ.
एकाचा मोठा काटा वर गेला की दुसऱ्याचा खाली.
मारिसोल म्हणायची, तुझं हे अर्ध्या तासानं बिघडलंय.
मी म्हणायचे, बिघडलं नाही, आमच्याकडे साडे असतं.
मार्चच्या शेवटी लंडननं स्वतःला एक तास पुढे ढकललं,
साडेपाचाचे साडेचार झाले,
साडे काही सुटलं नाही.

नावाचंही तसंच.
ज्ञानदा लिहिताना आधी डी येतो.
तो उच्चारायचा नसतो, मग आहे कशाला,
हे पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी विचारलं.
मी म्हटलं, पासपोर्टवाल्यांना विचारा.
पुढे मीच कापत कापत
कॉफीच्या कपावर नादा झाले.
मारिसोल हसून हसून कॉटवर आडवी:
तिच्या भाषेत नादा म्हणजे काही नाही.
एक कॉफी, काही नाहीसाठी.
मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन
आरशाला ज्ञ म्हणून दाखवला,
दोनदा.

संध्याकाळी पाचला फोन.
म्हणजे इकडे साडेदहा.
मी म्हणायचे, लायब्ररीत आहे, हळू बोलते.
पाठीमागे पांढरी भिंत.
भिंत गोदामाची, जिथे मी साडेपाच ते दहा
लोकांनी परत पाठवलेले बूट
जोड्या लावून खोक्यात भरायचे.
डाव्या पायाचे नेहमी जास्त निघायचे,
का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
बाबा म्हणायचे, आत्ताच जेवलो, गच्चीत आलोय.
पाठीमागे हिरवी भिंत.
गच्चीत भिंत कुठून आली, मी विचारलं नाही.
लायब्ररीत भोंगा का वाजतो, त्यांनीही नाही.

आता तीन आठवड्यांची सुट्टी.
कसारा घाट चढताना टॅक्सीत थंडी वाजली
आणि बरं वाटलं, ही ओळखीची होती.
सिडकोत शेजारच्या काकू विचारून गेल्या, कसं आहे लंडन?
मी म्हटलं, मोठं आहे.
आई म्हणाली, बाबा दुकानात आहेत, डबा देऊन ये.
रात्रीचे दहा वाजलेले.
ती हे इतकं सहज म्हणाली
की कळलं, तिला या खोट्यात
कुणी घेतलंच नव्हतं.

पाथर्डी फाट्याच्या पुढे, हायवेला लागून.
पांडवलेण्याचा डोंगर अंधारात नुसता काळा.
दुकानात ट्यूबलाइट, कॉम्प्रेसर
आणि ती भिंत.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.
"तुझ्या लायब्ररीत भोंगा फार वाजायचा," ते म्हणाले.
एवढंच.
डबा बाजूला ठेवून
पाण्याच्या टबात ट्यूब फिरवायला लागले.
मी बाह्या वर करून दुसरी बाजू धरली.
ट्यूब फिरतेय, काही नाही, काही नाही,
काही नाही,
आणि एका जागी
बुडबुड्यांची बारीक रांग, मोहरीएवढे.
"इथून जातेय," म्हणत त्यांनी खडूनं गोल केला.

ट्रकवाला चहाचा कप घेऊन उकिडवा बसलेला.
मुलगी काय करते?
बाबा म्हणाले, लंडनला शिकते.
त्यानं माझे काळे झालेले हात बघितले
आणि समजूतदार मान हलवली,
बापांच्या थापांना हलवतात तशी.
नाव काय, बेटा?
ज्ञानदा.
ग्यानदा, तो म्हणाला. अलवरकडचा असावा.
चालेल.

माझ्या मनगटावर अजून तिकडचे पाच.
बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून
शटर अर्धं ओढलं,
आणि डबा उघडला.